संमिश्र विश्लेषण: उदाहरणे सुटतात, पण व्याख्येमागचे कारण कळत नाही

प्रश्न
विद्यार्थिनी, एम.एस्सी. प्रथम वर्ष, लातूर

सर्व सभासदांना नमस्कार.

मी गणित विषयात एम.एस्सी. करीत असून पुढील वर्षी सेट परीक्षेला बसण्याचा विचार आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी संमिश्र विश्लेषणाचा, म्हणजे संमिश्र संख्यांवरील फलनांच्या अभ्यासाचा, एक पेपर होता आणि त्यात मला गुणही चांगले मिळाले होते. मात्र तोच विषय आता पुन्हा वाचायला घेतल्यावर लक्षात आले की मी केवळ रीती पाठ केल्या होत्या. कॉशी-रीमान समीकरणे ताडून पाहणे, रेसिड्यू (फलन बिघडते त्या बिंदूपाशीच्या विस्तारातील घात −१ च्या पदाचा सहगुणक) काढणे, ठरावीक इंटिग्रले सोडवणे हे सारे हाताला बसलेले आहे, पण एखाद्या लहान भावंडाने "हे असे का?" म्हणून विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून तीन शंका मांडते.

लिहिण्याच्या सोयीसाठी झ = क्ष + इय असे मानते, ज्यात इ² = −१ आहे; फ(झ) = प + इब, म्हणजे प हा फलनाचा वास्तव भाग आणि ब हा काल्पनिक भाग; आणि झ* म्हणजे झ ची अनुबद्ध संख्या क्ष − इय.

पहिली शंका. वास्तव संख्यांवरील फलनाचा डेरिव्हेटिव्ह एकदा मिळाला म्हणून तो दुसऱ्यांदा मिळेलच असे नसते. क्ष|क्ष| या फलनाचा डेरिव्हेटिव्ह २|क्ष| आहे आणि त्याला शून्यापाशी पुढचा डेरिव्हेटिव्ह नाही. संमिश्र फलनाच्या बाबतीत मात्र एखाद्या क्षेत्रात सर्वत्र एकदा डेरिव्हेटिव्ह असला की तो कितीही वेळा घेता येतो, असे पुस्तक सांगते. दोन्ही ठिकाणची व्याख्या अक्षरशः सारखी दिसते, तीच सीमा आणि तोच भागाकार. मग एवढी ताकद येते कोठून?

दुसरी शंका. |झ|² या फलनाला फक्त शून्य या एकाच बिंदूत डेरिव्हेटिव्ह आहे. क्ष² + य² इतके साधे, गुळगुळीत फलन बाकी सर्व बिंदूंवर का नापास होते, याचे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

तिसरी शंका. १/झ चे शून्याभोवतीच्या वर्तुळावरील इंटिग्रल २ पाय इ येते, हे मी करून दाखवू शकते. परंतु १/झ हा लॉग झ चा डेरिव्हेटिव्ह आहे. बंद वक्रावर फिरून आपण निघालेल्या ठिकाणीच येतो, तर लॉगच्या दोन किमतींची वजाबाकी शून्य व्हायला हवी. ती होत नाही, याचे नेमके कारण काय?

यासोबत, विषय पुन्हा पायापासून वाचायचा असेल तर क्रम कोणता ठेवावा आणि वास्तव विश्लेषणाचा किती भाग आधी पक्का असावा, हेही कृपया सांगावे.


उत्तर १
निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

तुमची दुसरी शंका मी आधी घेतो, कारण तिचे उत्तर मिळाले की पहिलीचे अर्धे उत्तर त्यातच येते.

व्याख्या सारखी दिसते हे खरे, पण तिच्यातला भागाकार हा संमिश्र संख्यांचा भागाकार आहे आणि सगळा फरक तेथे आहे. फ′(झ) ही एक संमिश्र संख्या आहे असे म्हणण्याचा अर्थ इतकाच की, झ च्या अगदी जवळ थोडेसे सरकले असता फलनाच्या किमतीत होणारा बदल म्हणजे त्या सरकण्याला एका ठरावीक संमिश्र संख्येने गुणल्यावर जे येते ते. आणि संमिश्र संख्येने गुणणे म्हणजे प्रतलावर काय करणे? एका ठरावीक कोनातून फिरवणे आणि एका ठरावीक पटीत लहान-मोठे करणे. याखेरीज काहीही नाही. प्रतलातील छोटासा चौरस घेतला तर तो फिरेल, वाढेल किंवा आकसेल, पण चौरसच राहील. तो आयत होणार नाही, तिरका होणार नाही, आरशातल्यासारखा उलटणारही नाही.

हे हाताने करून पाहा. फ(झ) = झ² घ्या आणि झ = १ + इ या बिंदूपाशी उभे राहा. तेथे फलनाची किंमत २इ आहे आणि डेरिव्हेटिव्ह २ + २इ आहे, म्हणजे ४५ अंशांनी फिरवणे आणि सुमारे २.८३ पट वाढवणे. आता उजवीकडे ०.१ सरका: १.१ + इ चा वर्ग ०.२१ + २.२इ, म्हणजे बदल ०.२१ + ०.२इ. मग मूळ जागी परत येऊन वर ०.१ सरका: १ + १.१इ चा वर्ग −०.२१ + २.२इ, म्हणजे बदल −०.२१ + ०.२इ. पहिला बदल उजवीकडे वर, दुसरा डावीकडे वर, दोघांची लांबी समान आणि दोघांत जवळजवळ काटकोन (सरकणे जितके लहान, तितका तो अचूक). जे दोन बाण आधी एकमेकांना काटकोनात होते, ते ४५ अंशांनी फिरून काटकोनातच राहिले. आलेखाच्या कागदावर असे पाच-सहा बिंदू घेऊन बाण काढल्याखेरीज पुढे जाऊ नका, असा माझा आग्रह आहे. वर्गात मी हे दरवर्षी करवून घेत असे आणि त्यानंतर कॉशी-रीमान समीकरणे पाठ करण्याची वेळ विद्यार्थ्यांवर येत नसे.

कारण ती समीकरणे म्हणजे हेच वाक्य चिन्हांत लिहिलेले आहे. प्रतलाकडून प्रतलाकडे जाणाऱ्या सर्वसाधारण गुळगुळीत फलनाला चार आंशिक डेरिव्हेटिव्ह असतात आणि ते चारही एकमेकांपासून स्वतंत्र असू शकतात. उजवीकडे सरकल्यावर मिळणारा बाण ९० अंशांनी फिरवला की वर सरकल्यावर मिळणारा बाण यायला हवा, ही अट घातली की प चा क्ष-डेरिव्हेटिव्ह ब च्या य-डेरिव्हेटिव्हइतका होतो आणि प चा य-डेरिव्हेटिव्ह ब च्या क्ष-डेरिव्हेटिव्हच्या विरुद्ध चिन्हाचा होतो. चारांपैकी दोनच स्वतंत्र उरतात. ही समीकरणे १७५२ मध्ये दालांबेर यांच्या द्रवप्रवाहाच्या अभ्यासात आढळतात. रीमान यांनी १८५१ च्या आपल्या प्रबंधात त्यांना संमिश्र फलनाच्या व्याख्येच्या जागी बसवले.

आता |झ|² पाहा. त्याची प्रत्येक किंमत वास्तव आहे, म्हणजे सगळे प्रतल एका रेषेवर दाबले जात आहे. चौरसाचा रेषाखंड होतो. शून्येतर संमिश्र संख्येने गुणून कोणताही चौरस असा चपटा होत नाही; म्हणून डेरिव्हेटिव्ह असलाच तर तो शून्यच असू शकतो, आणि तसे होते ते फक्त आरंभबिंदूपाशी, जेथे २क्ष आणि २य हे दोन्ही शून्य आहेत. फलन गुळगुळीत आहे यात शंका नाही. पण तुमचा प्रश्न गुळगुळीतपणाचा नसून फिरवण्याचा आहे. झ* चे तर उघडच आहे: ते प्रतलाला आरशात दाखवते, आणि आरशातली प्रतिमा कितीही फिरवली तरी मूळ आकृतीवर बसत नाही.

एक सावधगिरी. डेरिव्हेटिव्ह शून्य असेल तेथे कोन टिकतात हे म्हणणे लागू नाही. झ² आरंभबिंदूपाशी कोन दुप्पट करते.


उत्तर २
अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापिका, नाशिक

सरांनी दिलेले चित्र मला मान्य आहे आणि मीही त्याच चित्रापासून सुरुवात करते. मात्र "एकदा म्हणजे कितीही वेळा" याचे कारण केवळ त्या चित्रातून निघत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे, अन्यथा विद्यार्थिनीला वाटेल की आपल्यालाच ते दिसत नाही. ते कारण इंटिग्रलच्या वाटेने येते, आणि त्या वाटेवर तिसरी शंकाही सुटते.

प्रथम एक तुलना करा, जी मला स्वतःला फार उशिरा सुचली. आरंभबिंदूभोवती १ त्रिज्येचे वर्तुळ घ्या आणि त्यावर झ* चे व १/झ चे इंटिग्रल काढा. दोन्ही २ पाय इ येतात, आणि ते यायलाच हवेत, कारण त्या वर्तुळावर झ* आणि १/झ एकच आहेत. आता त्रिज्या २ करा. झ* चे इंटिग्रल ८ पाय इ होते; १/झ चे मात्र २ पाय इ राहते. त्रिज्या १०० केली तरी ते २ पाय इ राहते. वर्तुळाऐवजी चौरस घेतला, वेडावाकडा वक्र घेतला, तरी तो शून्याभोवती एकदाच आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल तर उत्तर बदलत नाही.

झ* चे इंटिग्रल वक्राने वेढलेले क्षेत्रफळ मोजते. ते नेहमी २इ गुणिले क्षेत्रफळ असते. म्हणजे आतल्या प्रत्येक कणाचा त्यात वाटा आहे. ग्रीनचे प्रमेय (बंद वक्रावरील इंटिग्रलाचे आतल्या भागावरील दुहेरी इंटिग्रलात रूपांतर करणारे) लावले की हे लगेच दिसते, आणि त्याच प्रमेयाने हेही दिसते की आतल्या भागावर येणाऱ्या दोन दुहेरी इंटिग्रलांतील राशी म्हणजे कॉशी-रीमान समीकरणांच्या दोन बाजूंमधील फरक असतो. समीकरणे पाळली जात असतील तर आतल्या कणांचा वाटा शून्य, आणि म्हणून बंद वक्रावरील इंटिग्रल शून्य. हेच कॉशीचे प्रमेय. गाउस यांनी ते १८११ मध्ये बेसेल यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले होते, पण प्रसिद्ध केले नाही. कॉशी यांचा यावरील प्रबंध १८२५ चा आहे. १/झ च्या बाबतीत आतील एकच बिंदू हिशोब बिघडवतो, आणि तो बिंदू मोठ्या वर्तुळातही तेवढाच व लहान वर्तुळातही तेवढाच, म्हणून उत्तर बदलत नाही.

यात एक फट आहे, ती लपवू नये. ग्रीनचे प्रमेय वापरताना आपण डेरिव्हेटिव्ह सतत आहे असे गृहीत धरले. व्याख्येत तर तो केवळ अस्तित्वात असावा एवढेच म्हटले होते. ही फट गूर्सा यांनी बुजवली; १९०० च्या त्यांच्या लेखात डेरिव्हेटिव्ह सतत असण्याची अट पूर्णपणे काढून टाकलेली आहे. आज पुस्तकांत त्रिकोणाचे चार, त्या चारांचे पुन्हा चार असे तुकडे करीत जाणारी जी सिद्धता असते, ती याच कामासाठी. परीक्षेसाठी ती सिद्धता वगळतात, पण एकदा तरी ती स्वतः लिहून काढावी, कारण "फक्त एकदा डेरिव्हेटिव्ह असणे पुरेसे आहे" या दाव्याचा सारा भार तिच्यावर आहे.

आता पहिल्या शंकेकडे. कॉशीच्या प्रमेयावरून कॉशीचे सूत्र मिळते: वक्राच्या आतील अ या बिंदूवरची फ ची किंमत काढायची असेल तर फ(झ)/(झ − अ) चे वक्रावरील इंटिग्रल काढून त्याला २ पाय इ ने भागावे. या सूत्राकडे शांतपणे पाहा. उजव्या बाजूला अ कोठे आहे? फक्त १/(झ − अ) मध्ये. फ च्या ज्या किमती आत शिरतात त्या सगळ्या वक्रावरच्या आहेत, अ बदलल्याने त्या बदलत नाहीत. आणि १/(झ − अ) चा अ च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह आपण हवा तितक्या वेळा घेऊ शकतो, कारण अ वक्रावर नसून आत आहे. म्हणून फ चाही घेता येतो. मूळ फलनाविषयी आपल्याला काही विशेष ठाऊक नव्हते; गुळगुळीतपणा १/(झ − अ) कडून उसना आला. वास्तव रेषेवर असे सूत्रच नाही: अंतरालाच्या दोन टोकांवरच्या किमती कळल्या म्हणून आतल्या किमती कळत नाहीत.

तिसरी शंका. तुमचा युक्तिवाद बरोबर आहे, पण तो लागू होण्यासाठी लॉग झ हे संपूर्ण वक्रावर एकच किंमत असलेले, सतत फलन असायला हवे. लॉग झ मध्ये झ चा कोन असतो. १ पासून निघून शून्याला वळसा घालून परत १ वर आलात तर बिंदू तोच असतो, पण कोन २ पाय ने वाढलेला असतो. ऋण वास्तव अक्षावर छेद देऊन कोन −पाय ते पाय यांमध्ये ठेवला तर लॉग निश्चित होतो, मात्र वर्तुळ त्या छेदापाशी तुटते: छेदाच्या लगेच खालून निघून लगेच वर पोहोचेपर्यंत काल्पनिक भाग −पाय पासून पाय पर्यंत जातो, आणि वजाबाकी २ पाय इ येते. तुमची वजाबाकीची रीत चुकली नव्हती. दोन टोके एकच आहेत हे गृहीत चुकले होते.

ताळा म्हणून १/झ² घ्या. शून्यापाशी ते १/झ पेक्षा जास्त वेगाने मोठे होते, तरीही त्याचे वर्तुळावरील इंटिग्रल शून्य आहे, कारण −१/झ या फलनाला वळसा घालून आल्यावरही तीच किंमत असते. फलन किती मोठे होते यावर इंटिग्रल अवलंबून नाही. सगळ्या घातांमध्ये −१ हा एकच घात असा आहे की ज्याचे प्रति-डेरिव्हेटिव्ह वळशानंतर जुळत नाही, आणि रेसिड्यू म्हणून आपण नेमका त्याच पदाचा सहगुणक का उचलतो, याचे कारण हेच आहे.


उत्तर ३
स्वयंअध्ययन करणारा विद्युत अभियंता, पुणे

मी गणिताचा पदवीधर नाही, त्यामुळे वरील दोन्ही उत्तरांच्या तुलनेत माझे म्हणणे मर्यादित आहे. तथापि क्रमाविषयी विचारले आहे म्हणून माझा अनुभव मांडतो. मला हा विषय पॉवर सिरीजच्या दारातून समजला.

१/(१ + क्ष²) हे फलन वास्तव रेषेवर कोठेही बिघडत नाही. ते सर्वत्र मर्यादित आहे, सर्वत्र गुळगुळीत आहे. तरीही त्याची १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶ + … ही मालिका |क्ष| < १ एवढ्यातच अभिसरण पावते आणि त्यापलीकडे निरुपयोगी होते. महाविद्यालयात असताना मी हे मुकाट्याने स्वीकारले होते. १ च्या ठिकाणी फलनाची किंमत निवांतपणे १/२ असताना मालिका तेथे का अडखळते, याचे उत्तर वास्तव रेषेवर कितीही शोधले तरी सापडत नाही. ते रेषेच्या बाहेर आहे: झ = इ आणि झ = −इ या दोन बिंदूंवर छेद शून्य होतो, आणि आरंभबिंदूपासून त्यांचे अंतर १ आहे. केंद्र १ वर हलवले तर त्या बिंदूंचे अंतर २ चे वर्गमूळ होते आणि अभिसरणाची त्रिज्याही बरोबर तेवढीच होते. ज्या दिवशी मी हे कंपासने काढून पाहिले, त्या दिवसापासून संमिश्र प्रतल मला सोयीसाठी जोडलेली भर वाटेनासे झाले.

मुळात या संख्या गणितात शिरल्या त्याही अशाच. क्ष² + १ = ० सोडवता यावे म्हणून त्या आल्या, असे आपल्याला शाळेत सांगतात; परंतु त्या समीकरणाला उत्तर नाही असे म्हणून लोक शतकानुशतके स्वस्थ होते. अडचण आली ती घन समीकरणात. क्ष³ = १५क्ष + ४ याचे एक उत्तर ४ आहे, ते कोणीही ताडून पाहू शकतो. पण कार्दानो यांनी १५४५ मध्ये प्रसिद्ध केलेले सूत्र लावले की मध्येच −१२१ चे वर्गमूळ येते. बॉम्बेली यांनी १५७२ च्या आपल्या बीजगणितात दाखवले की २ + ११इ हा २ + इ चा घन आहे आणि २ − ११इ हा २ − इ चा. दोघांची बेरीज केली की इ नाहीसा होतो आणि ४ उरतात. वास्तव प्रश्न, वास्तव उत्तर, आणि मधली वाट मात्र संमिश्र. रेसिड्यूने वास्तव इंटिग्रले सोडवताना आपण आजही हेच करतो.

म्हणून माझी सूचना अशी की प्रथम संमिश्र संख्यांचा गुणाकार भूमितीने, मग पॉवर सिरीज आणि घातांकी फलन एक्स्प(झ), त्यानंतर कॉशी-रीमान आणि शेवटी इंटिग्रले, असा क्रम ठेवावा. वास्तव विश्लेषणापैकी सीमा, एकरूप अभिसरण आणि रेषीय इंटिग्रल एवढे पक्के असले तरी माझे काम चालले.


उत्तर ४
निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

अभियंता महोदयांचा क्रम हा वायरश्ट्रास यांच्या परंपरेतला आहे आणि तो पूर्णपणे ग्राह्य आहे. माझा आक्षेप एकच: पॉवर सिरीजपासून सुरुवात केली की प्रत्येक फलन कितीही वेळा डेरिव्हेटिव्ह असलेले आहे हे आयतेच हाती येते, आणि मग विद्यार्थिनीला पडलेला पहिला प्रश्न पडतच नाही. तो पडणे मला आवश्यक वाटते. वास्तव विश्लेषणाच्या त्यांच्या यादीत मी खुले संच, संलग्न संच आणि संहत संच यांची भर घालीन, कारण या विषयातील बहुतेक चुका सूत्रांत होत नाहीत, क्षेत्राकडे दुर्लक्ष केल्याने होतात. लॉगची शंका मुळात क्षेत्राचीच होती.


प्रतिसाद
विद्यार्थिनी, लातूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. १ + इ भोवतीचे बाण मी कागदावर काढले, त्यानंतर १/२ + इ आणि −१ + २इ भोवतीही काढले. झ* आणि १/झ यांची त्रिज्या १ व २ वरील तुलना तर मी रात्री पुन्हा पुन्हा करून पाहिली.

आता एका उदाहरणात अडले आहे. कॉस क्ष / (१ + क्ष²) याचे संपूर्ण वास्तव रेषेवरील इंटिग्रल काढायचे होते. वरच्या अर्ध्या प्रतलात मोठे अर्धवर्तुळ घेतले; आत झ = इ हा एकच पोल, म्हणजे छेद शून्य होऊन फलन अमर्याद होते असा बिंदू, आहे. कॉस झ / (१ + झ²) चा तेथील रेसिड्यू कॉस(इ) / २इ आला, त्याला २ पाय इ ने गुणल्यावर उत्तर पाय गुणिले कॉस(इ), म्हणजे सुमारे ४.८५ मिळाले. परंतु कॉस क्ष ची किंमत १ पेक्षा जास्त होत नाही, आणि १/(१ + क्ष²) चे इंटिग्रल तर पाय, म्हणजे ३.१४ इतकेच आहे. तेव्हा माझे उत्तर अशक्य आहे हे कळते, पण चूक कोणत्या ओळीत आहे ते सापडत नाही. रेसिड्यू मी दोनदा तपासला.


उत्तर ५
अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापिका, नाशिक

उत्तर अशक्य आहे हे तुम्ही स्वतः ओळखलेत, याचे मला विशेष समाधान वाटले. इंटिग्रलची किंमत जास्तीत जास्त किती असू शकते हे आधी काढून मग उत्तराशी ताडण्याची ही सवय कायम ठेवा.

तुमचा रेसिड्यू बरोबर आहे. बंद वक्रावरील इंटिग्रलही बरोबर आहे. चूक त्या ओळीत आहे जी तुम्ही बहुधा लिहिलीच नाही: "अर्धवर्तुळावरील भाग शून्याकडे जातो." वास्तव अक्षावर कॉस क्ष ही −१ ते १ मध्ये राहते, पण वर चढत गेल्यावर ती तशी राहत नाही. झ = इय घेतल्यास कॉस झ म्हणजे एक्स्प(य) आणि एक्स्प(−य) यांच्या बेरजेचे अर्धे. य = १० ला ती ११,००० च्या पुढे जाते. छेदातला वर्ग तिच्यापुढे काहीच नाही. अर्धवर्तुळावरील भाग शून्याकडे जात नाही, आणि तुमच्या उत्तरात तो तसाच मिसळून राहिला आहे.

कॉस झ च्या जागी एक्स्प(इझ) घ्या. वरच्या अर्ध्या प्रतलात त्याचा मापांक एक्स्प(−य) आहे, म्हणजे १ पेक्षा जास्त कधीच नाही. अर्धवर्तुळाची त्रिज्या र असेल तर त्यावरील इंटिग्रल पाय·र / (र² − १) पेक्षा मोठे असू शकत नाही, आणि र वाढत गेल्यावर ते शून्याकडे जाते. इ वरचा रेसिड्यू एक्स्प(−१) / २इ आहे. २ पाय इ ने गुणले की पाय भागिले एक्स्प(१), सुमारे १.१५५७. वास्तव भाग घेतला की तेच तुमचे उत्तर. काल्पनिक भाग साइनचा. ते विषम फलन असल्याने शून्य यायला हवे होते आणि तसे ते आले.

या प्रकारच्या उदाहरणांत रेसिड्यू काढणे हे सर्वांत सोपे काम असते. खरे काम म्हणजे वास्तव अक्षावर हवी ती किंमत देणारे आणि कमानीवर आटोक्यात राहणारे फलन निवडणे, आणि कमानीवरील मर्यादेची ती एक ओळ प्रत्येक वेळी कागदावर लिहिणे. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मी ती ओळ नसेल तर गुण कापते.


उत्तर ६
निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

मॅडमनी सर्व सांगितले आहे. वर्तुळावरील इंटिग्रल एवढे का जपावे, याचे आपल्याकडचे उदाहरण द्यावेसे वाटते. रामानुजन केंब्रिजला गेले तेव्हा संमिश्र फलनांची त्यांची ओळख अगदी अपुरी होती, असे हार्डी यांनी लिहून ठेवले आहे. पुढे १९१८ मध्ये त्या दोघांनी संख्यांच्या विभाजनांवर जो लेख प्रसिद्ध केला, त्याचे मुख्य साधन कॉशीचे सूत्रच होते. २०० ही संख्या धन पूर्णांकांची बेरीज म्हणून, क्रम न मोजता, किती प्रकारे लिहिता येते हा निव्वळ मोजणीचा प्रश्न. उत्तर आहे ३९,७२,९९,९०,२९,३८८. ते त्यांनी पॉवर सिरीजच्या सहगुणकाला वर्तुळावरील इंटिग्रल मानून गाठले. सहगुणक म्हणजे इंटिग्रल, हे वाक्य मॅडमच्या "घात −१" वाल्या परिच्छेदात आधीच आलेले आहे. तो परिच्छेद पुन्हा वाचा.

तुमच्यासाठी एक उदाहरण. १/(१ + झ²) याचे आरंभबिंदूभोवती २ त्रिज्येच्या वर्तुळावरील इंटिग्रल काढा, आणि मग इ भोवती १ त्रिज्येच्या वर्तुळावर काढा. दोन्ही उत्तरे वेगळी का येतात, ते रेसिड्यूचे नाव न घेता, केवळ प्रति-डेरिव्हेटिव्हच्या भाषेत सांगा.


प्रतिसाद
विद्यार्थिनी, लातूर

सर, करून पाहिले.

मोठ्या वर्तुळावर शून्य आले आणि लहान वर्तुळावर पाय. १/(१ + झ²) चे दोन तुकडे केले की प्रति-डेरिव्हेटिव्ह लॉग(झ − इ) वजा लॉग(झ + इ), आणि या साऱ्याला २इ ने भागायचे, असे मिळते. मोठ्या वर्तुळावर फिरताना आपण इ आणि −इ या दोघांनाही एकेक वळसा घालतो. दोन्ही लॉग २ पाय इ ने वाढतात आणि वजाबाकीत ती वाढ निघून जाते. म्हणजे एकेकटे लॉग जुळत नसले तरी त्यांची वजाबाकी वळशानंतर जुळते, आणि १ त्रिज्येच्या वर्तुळाबाहेरच्या क्षेत्रात ती एकच किंमत असलेले फलन ठरते. इ भोवतीच्या लहान वर्तुळावर फक्त पहिला लॉग वाढतो, दुसऱ्याचा कोन थोडा इकडेतिकडे होऊन मूळ जागी येतो. २ पाय इ भागिले २इ, म्हणून पाय.

माझ्या पहिल्या संदेशातली वजाबाकी शून्य व्हायला हवी होती ती येथे झाली.